ओसाड माळाचा भरला संसार

काशीच्या घाटांवर उतरणाऱ्या मराठी यात्रेकरूला आपल्या माणसांची नावे पावलोपावली भेटतात. अहिल्याबाईंचा घाट, भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट; आणि नारद घाटाला लागून अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ नंतर पुणे सोडून काशीला आले, तिथेच राहिले आणि १८२४ मध्ये निवर्तले. त्यांनी दगडात बांधून घेतलेला हा घाट आज राजा घाट या नावाने ओळखला जातो. संध्याकाळी त्याच्या पायरीवर बसून गंगेकडे पाहताना पेशवाईच्या आठवणी निघतात. पण बूड टेकले आहे तो दगड आला कुठून, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

काशीच्या घाटांना लागलेला बहुतेक दगड चुनार आणि मिर्झापूरच्या डोंगरांचा. वाराणसीपासून सुमारे ४० किलोमीटरवर, गंगेच्या वरच्या अंगाला चुनार आहे. विंध्याच्या टेकड्या तिथे थेट नदीच्या काठापर्यंत येतात. अशोकाचे गुळगुळीत स्तंभ आणि सारनाथचे सिंह घडले ते याच वालुकाश्मातून. दोन हजार वर्षांहून अधिक काळ या डोंगरांनी काशीला दगड पुरवला.

आणि दगड काढायचा राहिला त्या कातळावर काय आहे? वीतभर माती, त्यात गुडघाभर गवत, मधूनमधून बोरीची आणि खैराची काटेरी झुडपे, एखादा पळस. विंध्यवासिनीच्या दर्शनाला गेलेले मराठी कुटुंब पावसाळ्यानंतर अशा टेकडीवर जरा फिरून आले, तर साडीच्या काठात आणि पायमोज्यांत काळपट, टोकदार काड्या अडकलेल्या सापडतात. बाई सासवडची, जतची किंवा बार्शीची असेल तर लगेच ओळखते : अगं बाई, ही तर आपल्याकडची कुसळे!

तिची ओळख अगदी बरोबर असते. विंध्याच्या कातळावरची कुसळी आणि जेजुरीच्या माळावरची कुसळी हे एकच गवत. हजारएक किलोमीटरचे अंतर, एकीकडे वालुकाश्म, दुसरीकडे काळा बेसाल्ट. पण गवत तेच, काटे तेच, आणि लोकांचा समजही तोच : ‘इथे काही नाही. ओसाड आहे.’

हा समज किती खरा?

गवत फार, झाड थोडे

आपल्याकडे अशा जमिनीला माळ, माळरान म्हणतात. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होत जातो. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पडणारा पाऊस पुरंदर, बारामती, माण, कर्जत, सोलापूर या पट्ट्यात वर्षाला ५०० ते ७०० मिलिमीटरवर येतो. त्यातही तो चार महिन्यांत आटपतो. जमीन मुरमाड, खाली खडक. पडलेले पाणी फार काळ टिकत नाही. उरलेले आठ महिने वारा आणि ऊन.

अशा ठिकाणी दाट जंगल उभे राहत नाही. पण म्हणून जमीन रिकामीही राहत नाही. तिथे गवते मुख्य असतात. कुसळी, पवना, शेडा, मारवेल, डोंगरी गवत. त्यांच्या मधे झुडपे : बोर, तरवड, हेंकळ, करवंद, तरटी, नेपती. मग विरळ झाडे : हिवर, बाभूळ, आपटा, पळस, खैर, कुठे सालई. आणि जमिनीलगत, आपण ज्यांच्यावर पाय देऊन पुढे जातो अशा असंख्य लहान वनस्पती : निळ्या फुलांची विष्णुक्रांता, सराटा, काळी मुसळी, माकडशिंगी, कंदीलपुष्प. नुसती यादी केली तरी ही केवढी तरी मोठी वसाहत आहे.

ही वसाहत वर्षभर सारखी दिसत नाही, म्हणून आपली फसगत होते. आपण माळ पाहतो तो एस.टी.च्या किंवा मोटारीच्या खिडकीतून, आणि बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्या वेळी गवत वाळून करड्या रंगाचे झालेले असते, कंद जमिनीत झोपलेले असतात, बिया मुरमात दडलेल्या असतात. मे महिन्यात माळ पाहून त्याला ओसाड म्हणणे म्हणजे रात्री दोन वाजता एखाद्या गावात शिरून ‘इथे माणसेच राहत नाहीत’ असे म्हणण्यासारखे आहे. तोच माळ श्रावण-भाद्रपदात पाहावा. पाऊल टाकायला जागा शोधावी लागते, इतकी बारीक बारीक फुले असतात. आश्विन-कार्तिकात गवत पिकून सोनेरी होते आणि वाऱ्याबरोबर अख्खा माळ हलतो.

कुसळाची करामत

‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. पण कुसळ म्हणजे काय आणि ते असे का असते, हे क्वचितच कुणी नीट पाहिलेले असते.

कुसळ म्हणजे कुसळीचे बी आणि त्याला जोडलेली लांब, काळपट काडी. बियाच्या टोकाशी सुईसारखा अणकुचीदार भाग असतो आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस. त्यामुळे ते एकदा आत गेले की उलटे बाहेर निघत नाही. मेंढीची लोकर असो, धोतर असो की पायमोजा. अशा रीतीने बी फुकटात प्रवास करते.

खरी गंमत पुढेच आहे. बियाच्या वरची काडी दोरीसारखी पिळलेली असते. हवेत ओल आली की पीळ उलगडतो. ऊन पडून ती वाळली की पुन्हा पीळ बसतो. दहिवर पडावे, ऊन यावे, पुन्हा दहिवर पडावे. दर वेळी काडी गोल फिरते आणि खालचे टोक गिरमिटासारखे जमिनीत थोडे थोडे शिरते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बी मुरमाच्या आत सुखरूप पोचलेले असते. ना नांगर, ना पाभर. गवत आपली पेरणी आपणच करते.

गवताचा दुसरा मोठा गुण डोळ्यांना दिसत नाही. झाडाचा वाढता कोंब फांदीच्या शेंड्याला असतो. शेळीने शेंडा खाल्ला की झाडाची वाढ खुंटते. गवताचा वाढता भाग जमिनीलगत, बुडख्यात असतो. म्हणून गुराने चरले, विळ्याने कापले, वणव्याने वरची पाती जाळली, तरी पहिल्या पावसात तेच थोंब पुन्हा हिरवे होते. माळावरचे एकेक थोंब वर्षानुवर्षे जगते. त्याच्या मुळ्यांचे जाळे मातीचा कण न् कण धरून ठेवते. पावसाचे पाणी त्या मुळ्यांच्या वाटांनी सावकाश खाली मुरते.

अलीकडे हवेतल्या कर्बवायूची चर्चा घरोघरी होते. झाडे तो शोषून लाकडात साठवतात, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. गवताळ माळ तोच कर्ब मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठवतो. झाड जळाले तर साठवण धुरात जाते. माळ पेटला तरी जमिनीखालची साठवण बहुतांशी शाबूत राहते.

काट्याच्या आडोशाला

माळावरचे प्रत्येक झुडूप काटेरी का, हा प्रश्न माळ तुडवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतो. उत्तर सोपे आहे. जिथे हरणे, शेळ्या-मेंढ्या आणि गुरे रोज चरतात, तिथे काटा नसलेले झुडूप फार दिवस टिकत नाही. काटा नसेल तर दुसरी काही तजवीज लागते. तरवडाला काटा नाही, पण त्याचा पाला जनावरे सहसा तोंडात घेत नाहीत.

पण काट्यांचा उपयोग एकट्या झुडपालाच होतो असे नाही. बोरीच्या किंवा हेंकळीच्या जाळीत नीट वाकून पाहिले तर आत वेगळेच जग दिसते. बाहेरच्या मुरमापेक्षा तिथली माती काळी आणि ओलसर असते, कारण पडलेला पाला तिथेच कुजतो. बुलबुल आणि साळुंक्या जाळीवर येऊन बसतात. त्यांच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडांच्या बिया खाली पडतात. त्या काट्यांच्या आडोशाला रुजतात. शतावरीची वेल, गुळवेल, कंदीलपुष्पाचा नाजूक वेल, एखादे लिंबाचे रोप, सगळे त्या एका जाळीच्या पदरात वाढते. शेळीचे तोंड तिथपर्यंत पोचत नाही. माळावरची पुष्कळ मोठी झाडे लहानपणी अशाच एखाद्या जाळीच्या आसऱ्याने जगलेली असतात.

म्हणून माळावरची जाळी ‘निरुपयोगी झुडूप’ म्हणून तोडली, की तोडणाऱ्याच्या नकळत पाच-सहा वनस्पतींचे घर मोडते.

या घरात मोठे भाडेकरूही आहेत. काळवीट, चिंकारा, लांडगा, कोल्हा, खोकड, माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल ही सगळी उघड्या गवताळ रानाची प्रजा आहे. दाट झाडीत यांतली बरीचशी राहूच शकत नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य आहे, तर बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. नान्नजला मात्र आता माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो.

देवघरात आणि स्वयंपाकघरात

माळाशी आपला काही संबंध नाही असे शहरातल्या गृहिणीला वाटते. तिने गणेशचतुर्थीच्या पत्रीची जुडी एकदा सोडून पाहावी. दुर्वा, बोर, शमी, आघाडा, डोरली, रुई, विष्णुक्रांता. ही सगळी पाने उघड्या, उन्हाच्या जागेवरच्या वनस्पतींची आहेत. घनदाट अरण्यात ती शोधून सापडणार नाहीत. दसऱ्याला आपण सोने म्हणून वाटतो तो आपटाही कोरड्या, विरळ रानातला. संक्रांतीच्या सुगडात आणि बाळाच्या बोरन्हाणात पडणारी बोरे मूळची माळावरचीच. होळीच्या सुमारास फुलणारा आणि पत्रावळीला पाने देणारा पळसही तिथलाच. काही भागांत नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणाने तर तरवडाला राज्यफुलाचा मान दिला आहे.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संत कान्होपात्रेच्या नावाने एक झाड दाखवतात. तिने विठ्ठलचरणी देह ठेवला तिथे ते उगवले, असे परंपरा सांगते. ते झाड वडाचे, पिंपळाचे नाही. ते तरटीचे आहे. माणदेशातला कोणताही मेंढपाळ ज्याला नावाने ओळखतो, असे माळावरचे साधे काटेरी झाड.

माळावर पोटे चालतात ती वेगळीच. धनगरांच्या मेंढ्या, माणदेशची खिलार जनावरे याच गवतावर वाढली. मेंढीच्या लोकरीची घोंगडी झाली. पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप उतरत्या वाटांनी निघतात, शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतो, लेंडीखत मिळते आणि त्याच्या बदल्यात धनगराच्या पदरात धान्य पडते. हा व्यवहार कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा जुना आहे. त्याचे भांडवल म्हणजे माळावरचे गवत.

‘पडीक’ शब्द आला कुठून?

मग एवढ्या भरल्या घराला पडीक म्हणायला सुरुवात कोणी केली? इंग्रजी अमदानीत जमिनीची किंमत दोन गोष्टींवर ठरे : तिच्यावर शेतसारा किती मिळतो आणि तिच्यातून लाकूड किती निघते. माळावर नांगर चालत नाही, म्हणून सारा नाही. मोठी झाडे नाहीत, म्हणून लाकूड नाही. साहजिकच दप्तरात तिची नोंद ‘वेस्ट लँड’ म्हणजे पडीक, वाया गेलेली जमीन अशी झाली. गवत, मेंढी, कंद, औषधी मुळ्या यांना त्या हिशेबात रकानाच नव्हता.

इंग्रज गेले, रकाने राहिले. १९८५ मध्ये देशात पडीक जमीन विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. हेतू चांगला होता. पण पडीक जमिनीच्या नोंदींत झाडोरा असलेले माळही येत राहिले, आणि ‘विकास’ म्हणजे बहुतेक वेळा झाडे लावणे असे समीकरण होऊन बसले. सौर प्रकल्पासाठी, कारखान्यासाठी, वसाहतीसाठी जागा हवी झाली तरी पहिले बोट माळाकडेच दाखवले जाते.

दिसायला सारखे, इतिहास निराळा

इथे कुणी विचारील : पण पूर्वी या माळांवर जंगल नव्हते कशावरून? माणसाने तोडून तोडून माळ केला असेल, तर तिथे पुन्हा झाडे लावण्यात चूक काय?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सगळीकडे एक नाही. यासाठी पुन्हा विंध्याकडे जावे लागते. भारतातील परिस्थितिकीशास्त्राचे जनक मानले जाणारे प्रा. रामदेव मिश्र यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात या विषयाच्या अभ्यासाची परंपरा घातली. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मिर्झापूर-सोनभद्र भागातल्या कोरड्या जंगलांचा आणि गवताळ रानांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. पाऊस आणि चराई यांचा तिथल्या गवतावर काय परिणाम होतो, याविषयीचे त्यांचे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या मते विंध्यातली पुष्कळशी गवताळ राने ही मूळची पानझडी जंगले तुटून झालेली आहेत. सतत तोड आणि सतत चराई, यामुळे ती तशीच राहिली. तिथे पाऊसही वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जंगलाला पुरेसा.

महाराष्ट्राच्या पठारावरचा माळ मात्र वेगळी साक्ष देतो, आणि ती साक्ष चक्क मराठी साहित्यातून मिळाली आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुनी संतचरित्रे, कथाकाव्ये, स्थळमाहात्म्ये आणि ओव्या यांतले रानाचे उल्लेख गोळा केले. त्यांचा निबंध २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या उल्लेखांत ४४ रानटी वनस्पतींची नावे मिळाली. त्यांतल्या जवळपास दोनतृतीयांश वनस्पती उघड्या गवताळ, काटेरी रानातल्या निघाल्या. दाट अरण्यातल्या अगदी मोजक्या. म्हणजे किमान साडेसातशे वर्षांपूर्वी, लोकसंख्या थोडी आणि कुऱ्हाडी थोड्या असतानाही पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात माळच होता. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ज्या बोरी-बाभळींची नावे घेतली, ती वाया गेलेल्या अरण्याची आठवण नव्हती. त्यांच्या दारासमोरचे रानच तसे होते.

एक कुसळी, पण दोन इतिहास. विंध्यातल्या त्या टेकडीला चराईपासून थोडी विश्रांती दिली, तर जमिनीत दबलेले जुने बुंधे आपणच फुटून झाडे वर येतात. सोलापूरच्या जुन्या माळाला जंगल करायला जाणे म्हणजे मात्र जे कधी नव्हते ते बळेच आणणे. म्हणून जमिनीवर गवत दिसले, की आधी तिची जन्मपत्रिका पाहायला हवी.

खड्डा खणण्यापूर्वी

नेमके हेच होत नाही. पावसाळा आला की वृक्षारोपणाचा उत्साह येतो. महाराष्ट्रात एकट्या २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले होते. इतक्या झाडांना जागा कुठली? गावात मोकळी दिसणारी जमीन म्हणजे माळ. मग यंत्राने लांबच लांब चर खणले जातात. वर्षानुवर्षांची गवताची थोंबे उपटून बांधावर पडतात. जाळ्या साफ होतात. त्या जागी गिरिपुष्प, सुबाभूळ अशी बाहेरून आलेली, झटपट वाढणारी झाडे लावली जातात. फीत कापली जाते, छायाचित्र निघते.

पुढे दोन गोष्टी घडतात. कुठे पाण्यावाचून रोपे मरतात आणि उरतात ते उघडे चर. कुठे झाडे तगतात. त्यांच्या सावलीत उन्हाचे गवत जगत नाही, आणि मेंढ्यांना तिथे मज्जाव होतो. दोन्हीकडे माळ जातो. भरीला वेडी बाभूळ आहेच. परदेशातून आणलेले हे काटेरी झाड एकदा शिरले की गवताला जागाच ठेवत नाही.

गेलेला माळ पुन्हा आणता येईल का? नेर्लेकर आणि त्यांचे अमेरिकन सहकारी जोसेफ वेल्डमन यांनी जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी करून २०२० मध्ये निष्कर्ष मांडला : नांगरटीने, खाणकामाने किंवा लागवडीने मोडलेल्या जुन्या गवताळ रानात पूर्वीइतकी वनस्पतींची विविधता परत यायला किमान शंभर वर्षे लागतात, आणि बहुधा त्याहून कितीतरी अधिक. दोन-चार वर्षांत गवत पुन्हा हिरवे दिसेल. पण कंद, मुसळ्या, माकडशिंगी, कंदीलपुष्प ही मंडळी इतक्या लवकर परतत नाहीत. चर खणायला एक दिवस पुरतो.

याचा अर्थ झाडे लावू नयेत असा कुणी घेऊ नये. झाडे लावावीतच, पण रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पटांगणात, गावठाणात, शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, आणि जिथले जंगल खरोखर तुटले आहे तिथे. पाहुण्याला जागा करून द्यायची म्हणून घरच्या म्हातारीला कुणी उंबऱ्याबाहेर काढत नाही.

दुसऱ्यांनी काय केले?

अशी खडकाळ, झुडपी राने जगात इतरत्रही आहेत. भूमध्य समुद्राभोवतीच्या चुनखडीच्या टेकड्यांवर रोझमेरी, थाइम, लव्हेंडर अशी सुगंधी झुडपे वाढतात. आज आपल्या शहरांतल्या दुकानांत बाटल्यांतून विकली जाणारी ही पाने मूळची तिथल्या ‘ओसाड’ कातळाची आहेत.

स्वीडनच्या एलांड बेटाची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्या बेटाच्या दक्षिण भागात चुनखडीच्या सपाट खडकावर मातीचा पातळ थर आहे. झाडे जवळजवळ नाहीत. गवत, बुटकी झुडपे आणि रानफुले. शतकानुशतके गावकरी तिथे गुरे-मेंढ्या चारत आले. स्वीडनने त्यावर जंगल उभारले नाही. युनेस्कोने २००० साली दक्षिण एलांडच्या या भूमीचा, तिथल्या गावांसह आणि चराईसह, जागतिक वारसा यादीत समावेश केला. गुरे चरणे थांबले तर झुडपे माजतील आणि फुले जातील, हे तिथल्या लोकांना कळलेले आहे. म्हणून चराई हा त्या रक्षणाचाच भाग आहे.

संयुक्त राष्ट्रांनीही २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. आपल्या धनगराला आणि त्याच्या माळाला उशिरा का होईना, हा मान मिळाला.

आपल्या हातात काय आहे?

माळ वाचवायला प्रत्येकाने मोर्चा काढावा असे नाही. काही साध्या गोष्टी कुटुंबाला करता येतील.

सहलीला दरवेळी धबधबा किंवा किल्लाच हवा असे नाही. श्रावण-भाद्रपदात एका रविवारी मुलांना जवळच्या माळावर न्यावे. हातभर लांब-रुंद जागा दोरीने आखावी आणि तिच्यात किती प्रकारची पाने दिसतात ते मोजायला सांगावे. मुले दहापर्यंत सहज पोचतात आणि मग त्यांना थांबवावे लागते. उपटू मात्र काही द्यायचे नाही. कंदीलपुष्पासारख्या वनस्पती आधीच दुर्मिळ झाल्या आहेत.

गणपतीची पत्री आणताना पानापानाने घ्यावी. रोप मुळासकट ओढू नये. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडण्यापेक्षा चार पाने पुरतात. माळावर पेटती विडी-सिगारेट टाकू नये. गवत वणव्यातून उठते हे खरे. पण जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलाला ते साधत नाही.

आणि गावात, सोसायटीत, शाळेत वृक्षारोपणाची बैठक बसली, तर एक प्रश्न जरूर विचारावा : ‘जिथे खड्डे खणणार आहोत, तिथे आज काय आहे?’ कुणी ‘काही नाही’ असे उत्तर दिले, तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळाला बोलावून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. तो नावे सांगू लागेल. कुसळी, पवना, शेडा, मारवेल, बोर, तरवड, हेंकळ, तरटी... खड्ड्यांची जागा ठरवण्यापूर्वी ती यादी कुणीतरी लिहून घ्यावी.

काशीला जाणाऱ्यांनी अमृतराव घाटाच्या पायरीवर जरूर बसावे. पूर्वजांची आठवण काढावी. आणि परत येताना साडीच्या काठाला एखादे कुसळ चिकटून आलेच, तर ते वैतागून फेकण्याआधी क्षणभर तळहातावर घ्यावे, त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा आणि पाहावे. काडी हळूच फिरू लागते.